कमी पडलेल्या पाण्याचा हिशेब

पुण्यातील एका गृहस्थांची मोटार नऊ वर्षांची. दर रविवारी सकाळी ते बॉनेट उघडून कूलंटची टाकी पाहत. पातळी खालच्या खुणेपाशी आलेली दिसली की तांब्याभर नळाचे पाणी ओतीत आणि बॉनेट लावून टाकीत. मार्चमध्ये हे महिन्यातून एकदा करावे लागे, मे उजाडेपर्यंत दर आठवड्याला. ‘उन्हाळा आहे, पाणी आटणारच’ हे त्यांचे स्पष्टीकरण. गाडीखालची फरशी कोरडी असे, त्या अर्थी गळती नाही, हा त्यांचा निष्कर्ष.

मेच्या अखेरीस भाचीच्या लग्नासाठी सारे कुटुंब कोल्हापूरकडे निघाले. भर दुपारी खंबाटकी घाटाच्या चढावर तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकू लागला. ‘एवढा चढ संपू दे’ म्हणत त्यांनी गाडी तशीच रेटली. अखेर बॉनेटखालून वाफ उसळली तेव्हा ती थांबवावीच लागली. फडके हाती घेऊन ते रेडिएटरचे टोपण फिरवणार, इतक्यात पत्नीने त्यांचा हात धरला. “अहो, थांबा! कुकरची वाफ जिरल्याशिवाय झाकण उघडतं का कुणी?”

गृहिणीचे हे वाक्य शास्त्रदृष्ट्या अगदी अचूक होते. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता कूलंटला वाहून न्यावी लागते. हे द्रव बंद वाटेने फिरते : वॉटर पंप ते इंजिनाभोवती ढकलतो, ठरावीक तापमानाला थर्मोस्टॅट उघडतो, रेडिएटरमध्ये ते निवते आणि पुन्हा इंजिनाकडे परतते. रेडिएटरचे टोपण या वाटेत दाब राखते. त्या दाबामुळे निम्मे कूलंट व निम्मे शुद्ध पाणी यांचे मिश्रण सुमारे १२५ अंशांपर्यंत उकळत नाही. तापलेल्या गाडीचे टोपण उघडले की दाब एकदम उतरतो, द्रव क्षणात उकळून उसळते आणि तोंड-हात भाजतात.

यातून दुसरी गोष्ट निघते. वाट बंद असल्याने कूलंट पेट्रोलप्रमाणे खर्च होत नाही. वर्षभरात पातळीत किंचित फरक पडणे निराळे. पण आठवड्याला तांब्याभर तूट म्हणजे ते कोठून तरी बाहेर जात आहेच. रोकड रोज कमी भरत असताना खिशातून रक्कम घालून मेळ बसवावा, तसा वरून पाणी ओतण्याचा प्रकार. मेळ बसतो, तफावत मात्र कायम राहते. शिवाय नळाच्या क्षारयुक्त पाण्याने रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर बसतो आणि कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये विरळ होतात.

मग फरशी कोरडी का? कारण अनेक गळत्या गाडी तापून दाब चढल्यावरच उघडतात आणि बाहेर आलेला थेंब गरम धातूवरच सुकून जातो. मागे उरतो तो हिरवट, गुलाबी किंवा पांढरट डाग. हा डाग होज पाइपच्या क्लिपांपाशी, रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी धातूला जोडलेल्या सांध्यावर आणि वॉटर पंपाच्या खाली शोधावा. गाडीखाली स्वच्छ, गंधहीन पाणी ठिबकत असेल तर ते बहुधा एसीचे असते. रंगीत, बुळबुळीत व गोडसर वासाचे असेल तर ते कूलंट होय. पुढच्या आसनाखालचा गालिचा ओला आणि काचेवर चिकट धुके असेल तर आतील हीटरची जाळी गळत असावी. कोठेच डाग नाही, पण धुराड्यातून गोड वासाचा पांढरा धूर सतत येतो, ऑइल दुधाळ होते किंवा टाकीत बुडबुडे उठतात, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

गाडी केव्हा तापते, यावरूनही पुष्कळ कळते. सिग्नलला थांबल्यावर तापते आणि महामार्गावर निवते, तर पंखा, त्याचा फ्यूज किंवा रिले पाहावा. शहरात ठीक पण चढावर वा वेगात तापते, तर कूलंट कमी आहे, रेडिएटर तुंबला आहे किंवा पंप नीट ढकलत नाही. सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापते आणि रेडिएटरचा वरचा पाइप गरम असताना खालचा गार राहतो, तर थर्मोस्टॅट अडकलेला असू शकतो.

काटा चढू लागताच एसी बंद करावा, हीटर पूर्ण सुरू करावा व सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. निदान अर्धा-पाऊण तास टोपणाला हात लावू नये आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये. धातूला तडा जातो. सांडलेले कूलंट तसेच सोडू नये. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरे ते चाटतात आणि थोड्याशा मात्रेनेही मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. त्यावर माती किंवा लाकडाचा भुसा टाकून ते टिपावे, पिशवीत बंद करावे आणि जागा धुऊन काढावी.

घाटातून ओढून आणलेल्या त्या गाडीची गॅरेजात तपासणी झाली. मेकॅनिकने थंड इंजिनावर टोपणाच्या जागी हातपंप बसवला आणि टोपणावर छापलेल्या दाबाइतकी हवा भरली. काटा हळूहळू उतरू लागला आणि वॉटर पंपाच्या बुडाशी ओलसर रेघ उमटली. त्याच जागी महिनोन्‌महिन्यांचा सुकलेला डाग होता. मार्चमध्येच ही तपासणी झाली असती तर एक पंप बदलून काम भागले असते. आता मात्र घाटात रेटलेल्या गाडीचे अॅल्युमिनियमचे हेड वाकले होते. हेड उतरवून त्याचे फेसिंग, नवे गॅस्केट आणि पंप असा खर्च आला. गाडी आठ दिवस गॅरेजात राहिली. भाचीवर अक्षता टाकण्याचे राहूनच गेले.

त्या गृहस्थांच्या गाडीत आता एक छोटी वही असते. महिन्यातून एकदा, सकाळी इंजिन गार असताना, तारीख आणि कूलंटची पातळी त्यांची पत्नी तीत लिहिते. सलग दोन नोंदींत पातळी उतरलेली दिसली तर आधी गॅरेज, मग प्रवास, असा घरात नियम झाला आहे. तांब्या स्वयंपाकघरात परत गेला आहे.