मध सोडला, पण मधमाशीचं काय?



गेल्या कार्तिकात, अगदी अष्टान्हिका चालू असताना, आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ बसलं. मीटिंग झाली. खोलीत आम्ही सोळा जणी, त्यातल्या अकरा आपल्यातल्या. त्या आठ दिवसांत बऱ्याच जणींचं एकाशन होतं, हिरवी भाजी कोणाच्याच घरात नव्हती. आणि ‘पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा’ या ठरावाला एकीनंही नाही म्हटलं नाही. मीसुद्धा नाही. तो माणूस रात्री आला, धूर केला, फवारणी केली. सकाळी जिन्याच्या खाली सुपलीभर माश्या पडलेल्या. काही अजून पाय हलवत होत्या. कामवाल्या मावशींनी त्या झाडून कचऱ्याच्या बादलीत भरल्या आणि मी दर्शनाला गेले.

म्हणून हे लिहिते आहे. कोणाला शहाणपण शिकवायला नाही, पण भांडायला मात्र नक्की.

मद्य, मांस, मधु हे आपल्याला बाळगुटीबरोबर मिळतं. औषधाचं चाटणसुद्धा आपण गुळात कालवून घेतो. कोणी मधाचं बोट पुढे केलं की आपण ताठ मानेनं सांगतो, ‘आम्ही जैन आहोत.’ चांगलंच आहे. पण मध न खाणं ही आपली सोय झाली आहे, कारण त्यात आपलं काहीच जात नाही. तीच माशी बाल्कनीत आली की स्प्रेची बाटली हातात येते. जास्वंदावर पांढरा मावा दिसला की नर्सरीतून इमिडाक्लोप्रिड आणतो. हे औषध झाडाच्या रसात भिनतं, मधुरसात आणि परागातही उतरतं. म्हणजे फूल उमलतं ते विष घेऊन. युरोपात 2018 साली या औषधाचा उघड्या शेतातला वापर बंद केला, तो मधमाश्यांसाठीच. आपल्याकडे ते शेवंतीच्या कुंडीत जातं आणि त्याच शेवंतीचा हार आपण पद्मावती मातेला घालतो.

‘अगं, पण माती उकरायची, बी पेरायचं, म्हणजे आरंभच की,’ असं आमच्या बस्तीतल्या एक काकू मला म्हणाल्या. काकूंचा मला आदर आहे. पण संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी हे हिंसेचे चार भेद पाठशाळेत त्यांनीच आम्हाला पाठ करून घेतले होते. गृहस्थाच्या हातून आरंभी हिंसा होते. ती जपून करायची, कमी करायची. मोहोळावर माणूस बोलावून, पैसे मोजून फवारणी करणं कोणत्या भेदात बसतं, काकू? आणि पेव्हर ब्लॉक बसवायला दीड फूट माती खणली, तेव्हा कोणाला आरंभ का आठवला नाही?

माझी आजी विहिरीचं पाणी गाळायची आणि गाळण्यावरची जिवाणी परत त्याच विहिरीत सोडायची. जीव मारला नाही एवढ्यावर ती थांबत नव्हती. त्याला त्याच्या घरी पोचवत होती. मधमाशीचं घर आपण काढून घेतलं आहे. परसात फरशी, अंगणात लॉन, कडेला क्रोटन. सुंदर दिसतं, पण माशीला त्यात घासभर खाणं नाही.

आता माझी फजिती. मी ऑनलाइन ‘रानफुलांचं मिश्रण’ मागवलं. पाकिटावर निळी, गुलाबी फुलं होती, थंड मुलखातली. आपल्या पावसात ती कुजली. उगवला फक्त केशरी कॉसमॉस. माश्या त्यावर येतात, खोटं कशाला बोलू. पण तो मेक्सिकोचा, आणि एकदा सुटला की माळ, डोंगरउतार काही सोडत नाही, आपल्या रानफुलांची जागा खातो. मी तो बी धरण्याआधी उपटला.

मग बी आपल्याच रस्त्यांवरून गोळा केलं. तेरड्याची बोंडं पिकली की हात लावताच फुटतात, म्हणून खाली ओंजळ धरायची. कुर्डूचे वाळलेले तुरे चोळले की काळं चकचकीत बी पडतं, आणि त्याच्या कोवळ्या पानांची भाजी सासूबाई अजून करतात. शिवाय रानतीळ, तरवड आणि आपली तुळस. कास पठारावरून मात्र चिमूटभरही आणू नका. कातळावरच्या बोटभर मातीतली ती फुलं तिथलीच राहू द्या.

बी बारीक असतं, चाळलेल्या राखेत किंवा वाळूत कालवायचं. मृग लागायच्या आधी खुरप्यानं माती नुसती खरवडून भुरभुरायचं, खोल खणायचं नाही. खत नको. रानफुलांना हलकी जमीनच मानवते. थोडी जागा उघडी मातीचीच ठेवा, कारण सगळ्या माश्या पोळ्यात राहत नाहीत. कित्येक एकएकट्या जमिनीत बीळ करून राहतात. कोथिंबिरीचा एक वाफा फुलू द्या, भाजीवाल्याकडे जुडी मिळते. शेवटी झाडं वाळली तरी दिवाळीच्या आवराआवरीत लगेच उपटू नका. बी झडू दे, पुढच्या वर्षी पेरावं लागत नाही.

माझ्या हातभर पट्टीत भादव्यात सातेरी आली, फुलोरी आली, एक काळा भुंगा रोज दहाच्या सुमाराला यायचा. भोपळ्याच्या वेलावर नर फूल वेगळं, मादी वेगळं. आदल्या वर्षी कोवळी फळं पिवळी पडून गळत होती. या वर्षी मी पाच जावांना भोपळे वाटले. हा काही मोठा पुरावा नाही, पण भोपळा खोटं बोलत नाही.

आग्या माशी धोक्याची असते, हे मला मान्य आहे. मुलांच्या खिडकीपाशी मोहोळ असेल तर न मारता ते हलवणारा माणूस शोधावा. फुलावरची माशी मात्र वाटेला गेल्याशिवाय चावत नाही. तिला आपल्याशी बोलायलाही सवड नसते. आणि आग्या ऋतू पालटला की आपणहून उठून जाते. आमच्या टाकीखालचं मोहोळसुद्धा दोन-चार महिन्यांत उठलं असतं. तेवढाही धीर आम्हाला नव्हता.

सोसायटीच्या मागे कंपाउंडला लागून बारा बाय चाळीस फुटांची मातीची पट्टी उरली आहे. पावसाआधी तिथेही ब्लॉक बसवायचा ठराव येत्या रविवारी, चारच्या मीटिंगला आहे. या वेळी मी उभी राहून नाही म्हणणार आहे. आमच्या सोसायटीतल्या ज्या दहा जणी त्या दिवशी माझ्यासारख्या गप्प बसल्या होत्या, त्यांनी चारला पाच मिनिटं असताना खाली यावं. तेरडा आणि कुर्डूचं बी माझ्याकडे दोन डबे भरून आहे, बाकीच्यांनी घरून नेलं तरी चालेल. येताना कागदाची पुडी आणा.