सुपारी कार्यक्रमाची, खर्च रियाजाचा

महाशिवरात्र झाली की नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या गजबजतात. गावोगावची पंचमंडळी जीप करून येतात, चहा होतो, मॅनेजरशी घासाघीस होते, सुपारी ठरते, इसार हातावर पडतो आणि वहीत यात्रेची तारीख चढते. अर्ज नाही, शिफारसपत्र नाही, मंत्रालयाची पायरी नाही. पैसा घरोघरच्या वर्गणीचा आणि हिशेब चारचौघांत. आमच्या मढपासून ओतूरमार्गे तासाभराच्या वाटेवर कलेला पैसा पुरवणारी अशी व्यवस्था उभी आहे, याचा जुन्नर-आंबेगावकरांना अभिमान वाटावा.

पण सुपारी असते एका रात्रीची. ढोलकीवर हात बसायला लागलेली वर्षं तिच्यात धरलेली नसतात. फडमालक कर्ज काढून कलावंतांना उचल देतो आणि हंगामभर फेडत बसतो. त्यातून शिकवणीला काय उरणार? नारायणगावच्या विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, अवघ्या महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतलं. तरी शेवटचे दिवस ओढगस्तीत गेले. 2002 साली त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल देणगीदारांनी भागवलं. पुढे 2006 पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने पुरस्कार देतं. पन्नाशी ओलांडलेल्या कलावंताला आज सरकारी मानधनही मिळू शकतं. मात्र पंधरा वर्षांच्या शिकाऊ पोराला आणि त्याला शिकवणाऱ्याला विचारणारं कोणी नाही.

आपल्या भागातले संगीताचे छोटे वर्ग पाहा. एक पेटी, एक तबलाजोडी, मिळाला तर पखवाज. माळशेजच्या अंगाला पावसाळ्यात ओल अशी धरते की तबल्याची पुडी सैल पडते आणि पेटीचे सूर गंजतात. दुरुस्तीला पुणं गाठायचं, तर महिन्याची फी तिथेच संपते. उत्पन्न म्हणजे ही फी आणि परीक्षेला बसणारी मुलं. त्यामुळे शिकवलं जातं ते परीक्षेपुरतं. ठाकरवाडीतल्या म्हाताऱ्याला ठाऊक असलेली चाल उतरवून घ्यायला वर्गाच्या गुरुजींना ना सवड, ना प्रवासखर्च.

हे दुखणं आजचं नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते लोकांच्या देणग्यांवर आणि स्वतःच्या जलशांवर. 1908 मध्ये ते मुंबईत आले. तिथे कर्ज काढून इमारत बांधली आणि त्या कर्जापायी ती लिलावात गेली. 1931 मध्ये ते वारल्यावर शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं आणि त्याच्या परीक्षा आज खेड्यापाड्यांत पोचल्या आहेत. शिकवण्याला परीक्षेचा आधार मिळाला, पण संशोधनाला तोही नाही. भातखंडे वकिली करून घराण्यांच्या चिजा गोळा करत देशभर हिंडले. 1916 ची बडोद्याची संगीत परिषद भरली ती सयाजीराव महाराजांच्या पाठबळावर. वकिलीची मिळकत आणि राजाश्रय, दोन्ही प्रत्येकाच्या नशिबी नसतात.

जात्यावरच्या ओव्यांचंच घ्या. हेमा राईरकर आणि गी पोइतवाँ यांनी हजारावर गावांतल्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. मावळ-मुळशीच्या आयाबहिणींचे आवाज ध्वनिमुद्रित होऊन राहिले. या कामाला युनेस्कोचा आणि नेदरलँड्स सरकारचा पैसा लाभला. त्यांचे उपकारच आहेत. पण आपल्या आजीची ओवी जपायला डच करदात्याने हात लावावा आणि आपण त्याच सुमारास यात्रेतल्या आतषबाजीवर वर्गणी उडवावी, हे काही बरं दिसत नाही.

म्हणून एक सूचना. प्रत्येक यात्रा कमिटीने वर्गणीतला ठरावीक वाटा सुपारी देण्याआधीच वेगळा काढावा. त्यातून तीन खर्च व्हावेत: शिकवणाऱ्याचं मानधन, वाद्यांची दुरुस्ती आणि गावातल्या जुन्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण. चार-पाच गावं एकत्र आली तर एका वर्गाचं वर्ष निघू शकतं. वर्गणीदार विचारणारच, "आम्हाला दिसलं काय?" प्रश्न रास्त आहे. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, हजेरीचा तमाशा उभा राहण्याआधी, वर्गातल्या मुलांनी तासभर वाजवावं आणि वर्षभरात जमवलेलं गावाला ऐकवावं. काय शिकवायचं, कोणाचं गाणं उतरवायचं, यात मात्र कमिटीने बोट घालू नये. वर्गणी दिली म्हणजे सूर विकत घेतला असं होत नाही.

दिवाळी अंकांचंही असंच आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून लेखक, वाचक आणि जाहिरातदार मिळून ही परंपरा चालवत आले आहेत. आमचा अंकही ओतूर-जुन्नरच्या दुकानदारांच्या आणि पतसंस्थांच्या जाहिरातींवर उभा आहे; त्यांनी मजकुरात कधी ढवळाढवळ केली नाही, याबद्दल त्यांचे मनापासून आभार. यंदाच्या अंकात कथा-कवितांबरोबर भजनी मंडळं, ढोलकी आणि ओव्यांवरचे लेख मुद्दाम घेतले आहेत. ते यात्रा कमिटीवरच्या मंडळींनी जरूर वाचावेत. भाताची कापणी-मळणी उरकून कमिट्या वर्गणीचा आकडा ठरवायला बसतील, तेव्हा सुपारी किती हे ठरण्याआधी वर्गाचा वाटा किती, हा विषय निघाला पाहिजे.



— संपादक