गोळीतील पोषण आणि ताटातील पोषण

औषधाच्या दुकानात माशाच्या तेलाच्या सोनेरी गोळ्या आणि अँटिऑक्सिडंटच्या बाटल्या आता मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या औषधांशेजारी विराजमान झाल्या आहेत. जागा शेजारची असली, तरी दोन्हींचा दर्जा एक नाही. औषधाला बाजारात येण्यापूर्वी आपली परिणामकारकता सिद्ध करावी लागते. आहारपूरकाची गणना कायद्याने खाद्यपदार्थांत होते. हा फरक ध्यानात न घेता हृदयविकार किंवा कर्करोग टळेल या आशेने दरमहा शेकडो रुपये खर्च करणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी गेल्या तीन दशकांतील संशोधनाचा लेखाजोखा पाहणे अगत्याचे आहे.

काही मेदाम्ले शरीराला अत्यावश्यक आहेत, याबद्दल दुमत नाही. अमेरिकेतील जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दाम्पत्याने १९२९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून ते दाखवून दिले. ओमेगा-६ गटातील लिनोलिक आणि ओमेगा-३ गटातील अल्फा-लिनोलेनिक ही दोन आम्ले मानवी शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. मात्र एखादा घटक आवश्यक असणे वेगळे आणि तो अधिक घेतल्याने रोग टळणे वेगळे. पूरकांच्या जाहिराती नेमकी हीच सीमारेषा पुसून टाकतात.

माशाच्या तेलाची कीर्ती वाढली ती १९७० च्या दशकात. ग्रीनलँडमधील इनुइट लोकांचा आहार आणि रक्तातील मेद यांचा अभ्यास करून डॅनिश संशोधकांनी ओमेगा-३ चा संबंध निरोगी हृदयाशी जोडला. पुढे इटलीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ११,३२४ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. १९९९ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार रोज एक ग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांत मृत्यूंचे प्रमाण घटले. तथापि, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन गटातील औषधे त्या काळी फारशी वापरात नव्हती. ती सर्रास दिली जाऊ लागल्यानंतरचे चित्र निराळे आहे. अमेरिकेतील 'व्हायटल' चाचणीत २५,८७१ निरोगी प्रौढांना सरासरी पाच वर्षे रोज एक ग्रॅम ओमेगा-३ किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. २०१८ मध्ये निकाल हाती आला, तेव्हा हृदयविकार, पक्षाघात व त्यांमुळे होणारे मृत्यू यांच्या एकत्रित प्रमाणात लक्षणीय घट आढळली नाही, कर्करोगातही नाही. मासे क्वचित खाणाऱ्यांत लाभाची काही चिन्हे दिसली, इतकेच. त्याच वर्षी ब्रिटनमधील १५,४८० मधुमेही रुग्णांवरील चाचणीनेही निराशाच केली.

याला अपवाद ठरली ती २०१८ मधीलच 'रिड्यूस-इट' चाचणी. ट्रायग्लिसराइड वाढलेल्या आणि स्टॅटिन घेत असलेल्या ८,१७९ रुग्णांत हृदयविकाराच्या घटना २५ टक्क्यांनी कमी झाल्या. परंतु तेथे दिलेले ईपीए हे शुद्ध केलेले, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे औषध होते आणि मात्रा रोज चार ग्रॅम होती. दुकानातील एक हजार मिलिग्रॅमच्या नेहमीच्या गोळीत ईपीए सुमारे १८० मिलिग्रॅम असते. म्हणजे ती मात्रा गाठण्यासाठी दिवसाला वीसहून अधिक गोळ्या गिळाव्या लागतील. शिवाय तुलनेसाठी वापरलेल्या खनिज तेलावर तज्ज्ञांनी आक्षेप घेतले आहेत, आणि अधिक मात्रेमुळे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढल्याचेही दिसून आले आहे.

अँटिऑक्सिडंटची कहाणी अधिक गंभीर आहे. 'मुक्त मूलकांमुळे पेशींची हानी होते, म्हणून त्यांना निष्प्रभ करणारी द्रव्ये घ्यावीत', हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर त्याची परीक्षा झाली. १९९४ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढले होते. अमेरिकेतील अशीच एक चाचणी १९९६ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावी लागली. तेथे ही वाढ २८ टक्के होती. ई-जीवनसत्त्व घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळल्याचे २०११ मध्ये स्पष्ट झाले. मुक्त मूलके केवळ शत्रू नाहीत. जंतूंचा नाश करण्यासाठी शरीर त्यांचाच वापर करते. त्यामुळे हा समतोल गोळ्यांनी ढळू शकतो. सिगारेट किंवा बिडी न सोडता 'संरक्षण' म्हणून या गोळ्या घेणारा माणूस धोका कमी करत नाही, कदाचित वाढवतो.

पूरके सर्वस्वी निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. वृद्धत्वाबरोबर दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजण्याच्या विकारात, विशिष्ट टप्प्यावरील रुग्णांना ठरावीक अँटिऑक्सिडंट व जस्त यांच्या मिश्रणाचा लाभ होतो, हे २००१ मध्ये सिद्ध झाले. गरोदरपणात ओमेगा-३ घेतल्यास मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांनी घटते, असे २०१८ मधील ७० चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसले. मात्र दोन्ही ठिकाणी लाभार्थी निश्चित आहे, हेतू निश्चित आहे आणि वैद्यकीय सल्ला अपेक्षित आहे. 'सर्वांसाठी, सर्व रोगांवर' या दाव्याला असा आधार नाही.

भारतात ही उत्पादने अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कक्षेत येतात. त्यांच्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असा इशारा छापणे बंधनकारक आहे. परंतु वेष्टनावरील मजकूर इंग्रजी किंवा हिंदीत असला की नियमाची पूर्तता होते. जाहिरात मराठीत आणि इशारा बारीक इंग्रजी अक्षरांत, ही विसंगती दूर करणे अवघड नाही. त्यासाठी इच्छाशक्ती हवी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनाही अत्यावश्यक मेदाम्लांसाठी तेलबिया, सुकामेवा, भरडधान्ये व कडधान्ये यांच्या वैविध्याकडेच निर्देश करतात. महाराष्ट्राला हे नवे नाही. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. दहा ग्रॅम जवसाच्या चटणीतून त्याची दिवसाची गरज भागू शकते. या आम्लाचे ईपीए व डीएचएमध्ये रूपांतर अल्प प्रमाणातच होते, ही त्याची मर्यादा होय. मासे खाणाऱ्यांना मात्र ती दोन्ही आम्ले बांगडा आणि तारली यांतून थेट मिळतात. आवळा, पेरू आणि पालेभाज्या यांतील अँटिऑक्सिडंट तंतुमय पदार्थ व इतर घटकांसह पोटात जातात. त्यांच्यापासून अपायाची नोंद नाही.

खरा धोका गोळीवर खर्च होणाऱ्या पैशापुरता मर्यादित नाही. त्या गोळीवर विसंबून डॉक्टरांनी दिलेले औषध परस्पर बंद केले, तंबाखू सोडणे पुढे ढकलले, तर त्याची किंमत प्राणांनी मोजावी लागते. पूरक घ्यायचेच असेल, तर ते कोणत्या विकारासाठी, किती मात्रेत आणि किती काळ, हे तीन प्रश्न आधी डॉक्टरांना विचारले पाहिजेत. त्यांची समाधानकारक उत्तरे मिळत नसतील, तर तो पैसा बाजारातील ताज्या भाजीवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरेल.