मांजरीची साखर घरीच मोजा

मांजरीला मधुमेह झाला की आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात, "साखर बघायची ती दवाखान्यातच." माझे मत उलट आहे. पिंजऱ्यात कोंडून, कुत्र्यांच्या भुंकण्यात बसवलेल्या मांजरीची साखर नुसत्या भीतीने चढते. तो आकडा पाहून इन्सुलिन वाढवले तर घरी साखर धोक्याइतकी उतरू शकते. त्यापेक्षा मांडीवर घ्यावे, तळहातात कान धरून ऊब द्यावी आणि कानाच्या कडेला सुई टोचावी. थेंबभर रक्त पुरते. माणसांचे यंत्र मांजरीची साखर बहुधा कमी दाखवते, तेव्हा यंत्र कोणते घ्यायचे ते डॉक्टरांना विचारा.

आपल्याला उपाशीपोटी १०० च्या आत हवे असते. मांजरीकडे तो हट्ट नको. दिवसभर १०० ते ३०० मध्ये राहिली, खातेपिते, वजन टिकून आहे, तर मी समाधान मानीन.

मला खरी धास्ती सिरिंजची. मुंबईत आपण ४० युनिटचे इन्सुलिन आणि लाल टोपणाची सिरिंज वापरायचो. इथे इस्रायलमध्ये माणसांचे इन्सुलिन १०० चे, प्राण्यांचे मात्र ४० चेही असते. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २ युनिटच्या खुणेपर्यंत भरले तर २ ऐवजी ५ युनिट जातात. एवढ्याशा जिवाला ते प्राणघातक ठरू शकते. तुमचे आणि तिचे सामान एका डब्यात ठेवूच नका.

ती जेवली नसेल तर नेहमीचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. झोकांड्या खाऊ लागली तर हिरड्यांना मध चोळा, रोश हशानाचा उरलेलाही चालेल, आणि लगेच दवाखाना गाठा.