मरणाच्या वेगळ्या वाटा

मृत्यु सर्वांस सारखाच, असें आपण म्हणतों. पण त्याच्या वाटा स्त्रीपुरुषांस सारख्या नाहींत. हृदयविकार दोघांसही नेतो, हें खरें. तथापि २०२२ सालीं भारतांत आत्महत्या करणाऱ्या शंभरांत सुमारें ७२ पुरुष होते. आपलें वऱ्हाड तर शेतकऱ्यांच्या अशा मरणांनीं पोळलेंच आहे. तंबाखूनें होणारा तोंडाचा कर्करोगही पुरुषांसच अधिक. उलटपक्षीं स्तनांचा व गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, चुलीचा धूर आणि बाळंतपण हे स्त्रियांचे वैरी. त्यांपैकीं बाळंतपणाचें भय दवाखान्यांनीं पुष्कळ कमी केलें. २०१८-२० मध्यें महाराष्ट्रांत एक लक्ष जन्मांमागें ३३ माता दगावल्या, तर सबंध भारतांत ९७.

यांतील कांहीं भेद निसर्गाचे. पुष्कळसे आपण केलेले, असें आमचें मत आहे. मुलास 'रडूं नको' आणि मुलीस 'सोसावें' असें आपण शिकवितों. मग तो कर्जाचें दुःख बोलत नाहीं आणि ती अंगावरची गांठ दाखवीत नाहीं.

याच वलगांवाजवळ २० डिसेंबर १९५६ रोजीं देह ठेवणारे गाडगेमहाराज, कर्ज व दारू टाळा, म्हणून जन्मभर सांगत राहिले. पालकहो, त्यांत आम्ही एवढेंच जोडितों: घरांत दुखणें बोलूं द्या. मुलांनो, देवानें दिलेलें आयुष्य जपण्यासाठीं तोंड उघडण्यांत लाज कसली?