भरपाई ही भीक नव्हे

वाशीम, रिसोड, कारंजा येथे सुतारकामाच्या व वेल्डिंगच्या लहान कारखान्यांत आपली मुले राबतात. करवतीखाली अंगठा तुटला की मालक दवाखान्याचे बिल चुकवितो, हातावर दोन-चार हजार ठेवतो आणि म्हणतो, "तू मला भावासारखा." आपण त्याचे उपकार मानतो. मी विचारतो, उपकार कसले?

"माणसे तीनच, आम्हांस कायदा लागू नाही," हा युक्तिवाद फसवा आहे. राज्य कामगार विमा योजना सामान्यतः दहा वा अधिक कामगार असतील तेथे लागू होते, हे खरे. परंतु 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने जबाबदारी थेट मालकावर टाकली आणि विजेच्या यंत्रावर माल तयार होणाऱ्या जागी माणसांची संख्या विचारली नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. मालकाची जबाबदारी मात्र सुटली नाही.

हिशेब पाहा. 1923 च्या कायद्याच्या तक्त्याप्रमाणे वय 30, पगार 12,000 रुपये. त्याचे 60 टक्के 7,200. वयाचा गुणांक 207.98, अंगठ्याबद्दल गुणाकाराचे 30 टक्के. रक्कम होते सुमारे 4,49,000 रुपये! दोन-चार हजारांत कोणाचा अंगठा विकला गेला?

मालक कदाचित आपल्यातलाच असेल, गरीबही असेल. एवढी रक्कम तो कोठून आणणार? म्हणूनच विमा. विमा कंपन्यांकडे कामगार भरपाईची पॉलिसी मिळते. हप्ता पगाराच्या रकमेवर व कामाच्या धोक्यावर ठरतो. हा हप्ता वाचविणारा काटकसर करीत नाही, तो दुसऱ्याच्या हातावर जुगार खेळतो.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते सांभाळीत होते. त्याच काळात, 1944 साली, कामगारांच्या आरोग्यविम्यावरील अडारकर अहवाल सादर झाला आणि पुढे 1948 चा राज्य कामगार विमा कायदा झाला. आजारी वा जखमी कामगाराने मालकाच्या दयेवर जगू नये, हाच त्यामागील विचार.

तेव्हा हजेरी व पगाराचा लेखी पुरावा जपा. अपघात होताच मालकास लेखी कळवा. परस्पर तडजोडीच्या कागदावर घाईने सही करू नका. सक्षम अधिकाऱ्याकडे नोंद न झालेल्या तडजोडीने मालक पूर्ण रकमेतून सुटत नाही. हात जोडून मागू नका. हक्क म्हणून मागा.