जकातीतली सायकल

१९६३ च्या जानेवारीत डर्व्हला मर्फी ही ३१ वर्षांची आयरिश स्त्री सायकलवर टांग मारून एकटीच हिंदुस्थानकडे निघाली. युरोपात त्या वर्षी हाडे गोठवणारा हिवाळा होता. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असे करत जुलैत ती दिल्लीला पोहोचली. वाटेतल्या मुस्लिम मुलखात अनोळखी घरांनी तिला जागा दिली, चहा-रोटी दिली. अफगाणांच्या मेहमाननवाजीवर तिने पुढे भरभरून लिहिले. यात नवल नाही. कुरआनने जकातीचे जे आठ हकदार सांगितले (सूरह तौबा, आयत ६०), त्यांत मुसाफिरही आहे.

दिल्ली गाठल्यावर मर्फी धरमशाळेला गेली आणि तिबेटी निर्वासित मुलांच्या छावणीत कामाला लागली. हे फार कमी लोकांना आठवते. लक्षात राहते ती सायकल.

लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीला दानाची जोड देण्याची रीत आता जगभर रुळली आहे. स्वार निघतो, लोक किलोमीटरमागे पैसे कबूल करतात, जमलेली रक्कम इस्पितळाला किंवा शाळेला जाते. रीत चांगलीच आहे. मात्र स्वाराने वाटखर्च स्वतःच्या खिशातून करावा आणि दानाचा हिशेब वेगळा ठेवावा. घाम एकाचा, पैसा दुसऱ्यांचा आणि फोटो सगळे घाम गाळणाऱ्याचे, असे झाले की रियाला दार उघडते. आणि त्या पैशांतून काय घ्यावे, असा प्रश्न पडला तर उत्तर स्वाराच्या मांडीखालीच असते.

२००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत हेच घडले. ‘वर्ल्ड बायसिकल रिलीफ’ या संस्थेने तिथे २४ हजारांहून अधिक सायकली वाटल्या. पुढे आफ्रिकेत काम करताना संस्थेने ओझे पेलणारी दणकट सायकल बनवली आणि गावोगावचे मिस्त्रीही तयार केले. मिस्त्री महत्त्वाचा. एरवी दान केलेली सायकल एका पंक्चरवर भिंतीला टेकते ती टेकतेच.

आपल्याकडे बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तपासले, तेव्हा माध्यमिक शाळेत मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत फरक सर्वांत जास्त होता. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. पण सरकारची यादी तालुक्याच्या सीमेवर थांबते. शहराच्या कडेच्या वस्तीत सातवीनंतर घरी बसवलेली मुलगी त्या यादीत येत नाही.

ती जमातीच्या यादीत यायला काय हरकत आहे? रमजानमध्ये मोहल्ल्यामोहल्ल्यात रेशनचे किट वाटले जाते. ते वाटलेच पाहिजे, भुकेला शाळेच्या गोष्टी सांगता येत नाहीत. पण अडीच टक्क्यांचा सगळा हिशेब पीठ-तेल-शेवयांतच संपावा, असे शरीअत म्हणत नाही. एक अन्सारी मागायला आला तेव्हा पैगंबरांनी (स.) त्याच्या घरातली चादर आणि पेला दोन दिरहमला विकून दिला, एका दिरहमचे धान्य घरी पाठवले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणवून तिला स्वतःच्या हाताने दांडा बसवला, आणि पंधरा दिवस लाकडे तोडून विकायला सांगितले. धान्य आणि कुऱ्हाड, दोन्ही. जकातीतल्या सायकलीला याहून मोठा आधार कशाला हवा?

मसला एकच, तमलीकचा. हनफी फिकहप्रमाणे जकातीची वस्तू हकदाराच्या पूर्ण मालकीची व्हावी लागते. कमिटीने सायकली विकत घेऊन मुलींना वापरायला दिल्या आणि बारावीनंतर परत घेतल्या, तर जकात अदा होत नाही. तसली योजना सदक्याच्या पैशांतून चालवावी. जकातीची सायकल द्यायची तर पावती मुलीच्या नावाची हवी, कॅरिअरवर ट्रस्टचे नाव रंगवायला नको, आणि मंडप घालून वाटपाचा जलसा तर मुळीच नको. पंपाचे आणि दोन ट्यूबचे पैसे त्याच हिशेबात धरावेत. सत्ताविसाव्या रात्रीची वाट पाहू नये. ईदनंतर शाळेला जाताना सायकल तिच्या सवयीची झालेली असावी.